पाण्याची वाट

पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला एक उदाहरण हमखास घातले जाते. अमुक वजनाचे पाणी अमुक उंचीवरून खाली पडते. त्यापासून किती ऊर्जा मिळेल? पाणी कोठले, ते कोणाचे, ते साठविण्यापूर्वी त्या जागी काय होते, हे उदाहरणात दिलेले नसते, आणि उत्तर काढण्यासाठी ते लागतही नाही. हे उदाहरण मी कितीदा तरी सोडविले असेल. गेल्या वैशाखात मुळशीच्या तलावाच्या काठी एका दगडावर बसून ते मी पुन्हा एकदा, खऱ्या आकड्यांनी, सोडविले. आणि उत्तर बरोबर आल्यावर जे समाधान वाटावयाचे ते काही केल्या वाटेना.

आकडे सोपे आहेत. नीळा आणि मुळा या दोन नद्यांचे पाणी येथे धरणाने अडविलेले आहे. ते आपल्या स्वाभाविक उताराने पूर्वेकडे न सोडता, सह्याद्रीचा माथा भेदून पश्चिमेकडे नेतात आणि रायगड जिल्ह्यातील भिरा येथील विद्युत्‌गृहात सोडतात. ही घसरण सुमारे ५०० मीटरांची आहे. १९२७ सालापासून हा क्रम चालू आहे. माझ्या आजीच्या देवघरात दहा वॉटचा एक दिवा असतो. घागरीत दहा लिटर पाणी मावते असे धरले, तर ती एक घागर ५०० मीटर पडताना ४९,००० ज्यूल ऊर्जा देते. यंत्रांतली आणि तारांतली गळती वजा जाता आजीचा दिवा तेवढ्यावर सुमारे सव्वा तास जळेल. तिची संध्याकाळची पूजा आणि जप मिळून साधारण तेवढाच वेळ चालतो. भिऱ्याची वीज मुंबईच्या वाट्याची, पुण्याची नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण आता साऱ्या तारा एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे कोणता ज्यूल कोणाचा हे सांगण्याची सोयच राहिलेली नाही.

या गणितातले मला सर्वांत सुंदर वाटणारे तत्त्व असे, की गुरुत्वाकर्षणाने केलेले कार्य वाटेवर अवलंबून नसते. आरंभीची उंची आणि अखेरची उंची एवढ्या दोनच गोष्टी त्याला पुरतात. मुळशीचे पाणी मुळेतून पुण्यास यावे, तेथे मुठेला मिळून भीमेत जावे, भीमेतून कृष्णेत, आणि साऱ्या दख्खनची प्रदक्षिणा करून बंगालच्या उपसागरास पोहोचावे. किंवा तेच पाणी कड्यावरून कोकणात उडी घेऊन कुंडलिकेच्या वाटेने रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळावे. दोन्ही वाटांनी समुद्रसपाटीपर्यंत त्याने केलेले कार्य एकच. फरक इतकाच, की पूर्वेच्या वाटेवर ते कार्य हजारो दगडगोट्यांवर थोडे थोडे खर्च होऊन जाते, आणि पश्चिमेला ते एकाच ठिकाणी चाकाच्या पात्यांवर पकडता येते. इंजिनियर लोक पहिल्या प्रकाराला ‘वाया जाणे’ म्हणतात. हा शब्द पदार्थविज्ञानातला नाही, हे मात्र ते सांगत नाहीत. निसर्गात काहीच वाया जात नाही. वाया जाते ते कोणाच्या तरी दृष्टीने.

त्या दिवशी तलाव बराच उतरला होता. काठाकाठाने भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा पडला होता आणि त्यातून कोठे कोठे दगडांच्या सरळ ओळी दिसत होत्या. मला त्या आधी नैसर्गिक वाटल्या. मग ध्यानात आले, की निसर्ग काटकोन करीत नाही. ती घरांची जोती होती.

मी अशी बसले असता वरच्या वाडीतले एक म्हातारे गृहस्थ दोन म्हशी घेऊन खाली आले. त्यांनी मला न्याहाळले आणि विचारले, “प्लॉट बगाया आला का?” हल्ली पुण्याहून तिकडे येणारा माणूस बहुधा त्याच कामासाठी येतो. मी नाही म्हटले. शिकते आहे म्हटले. काय शिकता, या प्रश्नाला मी, वीज, पाणी, उजेड यांचे नियम, असे उत्तर दिले. ते हसले. “मंग लाईट कशी व्हती ते ठावं आसंल तुमाला. आमच्या आज्याला न्हवतं ठावं. त्यानं नुस्ती दिली.” आणि काठीने त्यांनी पाण्यात एक जागा दाखविली. तेथे काहीच नव्हते, म्हणजे पाणीच होते. “थितं आमचं घर. थितून पुढं खाचरं. माझ्या बापानं मला हितं उभं करून दाखीवलं, म्या पोरांना दाखीवलं. आता पोरांची पोरं बगत न्हाईत.”

“खाचरांची नावे सांगता येतील, बाबा?” मी विचारले. त्यांनी दोन-तीन सांगितली, मग अडखळले. बापाला सारी येत होती, म्हणाले.

येथे मला एक गोष्ट उघड केली पाहिजे. ती सांगितल्यावाचून हा लेख पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी मुळशीला सहलीसाठी गेले नव्हते. आमच्या घरी, माळ्यावरच्या एका पेटीत, लाल कापडात बांधलेली खतावणी निघाली होती. ती मोडीत आहे. मी हौसेने एका उन्हाळ्यात मोडीच्या वर्गाला गेले होते (विद्युच्चुंबकत्वाची समीकरणे त्या लिपीपुढे सोपी, असे माझे मत झाले आहे), त्यामुळे अडखळत का होईना ती मला लागली. माझे खापरपणजोबा पुण्यात सावकारी करीत. त्यांच्या पैशाचा मोठा भाग मुळशी पेट्यातल्या भातजमिनींवर गुंतलेला होता. वहीत माणसांची नावे आहेत, खाचरांची नावे आहेत, कर्जाऊ दिलेल्या रकमा आहेत, व्याजाचा भात कधी आला आणि किती आला याची नोंद आहे. आणि मग काही पानांनंतर जमिनीच्या मोबदल्याची रक्कम जमा झाल्याची एक नोंद आहे. त्यापुढे मुळशीचे नाव वहीत येत नाही. पुढच्या पानावर घराच्या बांधकामाचा खर्च सुरू होतो. आम्ही त्याच घरात राहतो.

मुळशीचा इतिहास मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. मी त्यातले माझ्या प्रश्नापुरते सांगते. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज हवी होती. टाटा मंडळींनी खोपोलीला १९१५ साली जलविद्युत् निर्माण करून दाखविली होती. त्यानंतर मुळशीची योजना आली. पन्नासांहून अधिक गावे तिच्या छायेत सापडली. त्यांतल्या माणसांची संख्या हजारोंनी मोजण्यासारखी होती. आंबेमोहोर तांदळाची ती भूमी. सरकारने १८९४ च्या कायद्याने जमिनी घेऊन कंपनीच्या स्वाधीन केल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी बसून सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. माणसे तुरुंगात गेली, त्यांत बायकाही होत्या. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यास केला आहे, आणि त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच या लढ्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे.

याच अभ्यासातून दिसणारी एक गोष्ट मला त्या खतावणीमुळे जास्त टोचली. जमिनी कसणारे मावळे होते, पण त्यांतल्या पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. लढ्याच्या आरंभी सावकारही विरोधात होते. मावळ्याला जमीन हवी होती. सावकाराला जमिनीची किंमत मिळाली तरी चालण्यासारखे होते. हा फरक प्रथम दिसला नाही, कारण दोघेही तोंडाने ‘धरण नको’ असेच म्हणत होते. किंमत बरी मिळणार असे दिसू लागल्यावर तो दिसू लागला.

आजीला मी खतावणी दाखविली तेव्हा ती प्रथम काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “मामंजींच्या वडिलांनी कोणाची चोरी केली नाही हो. गहाण ठेवणारा आपल्या पायांनी आला होता. आणि पैसे सरकारनं दिले, त्यांनी मागितले नाहीत.” दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. थोड्या वेळाने तिने आपण होऊन सांगितले, की तिच्या सासूबाई एका तांदळाची आठवण नेहमी काढीत. त्या लहानपणी ह्या घरात सून होऊन आल्या तेव्हा जुन्या पोत्यांचा वास अजून कोठीत होता म्हणे. व्याजाचा आंबेमोहोर. आमच्या घराण्याच्या स्मरणात मुळशी राहिली ती एवढीच.

“आणि तुझी फी कशातून गेली असं वाटतं तुला?” आजीने विचारले. हा प्रश्न तिने मला गप्प करण्यासाठी विचारला होता. पण तो मी तेव्हापासून स्वतःला विचारीत आले आहे.

सेनापती बापटांविषयी येथे लिहिणे अवश्य आहे. कारण ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी त्यांना मुळशीच्याच लढ्यात दिली. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट डेक्कन कॉलेजात शिकून शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले होते, ते यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यासाठी. म्हणजे घाटमाथ्यावरचे पाणी खाली सोडले असता किती अश्वशक्ती मिळते हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. धरणाला विरोध करणारा तो अडाणी असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. हिशेब त्यांना येत होता. हिशेबात काय घेतले नाही हेही त्यांना दिसत होते. मात्र गांधींची अहिंसा त्यांनी पूर्णपणे कधी पत्करली नाही. १९२४ साली लढा जवळजवळ विझल्यावर त्यांनी थोड्या सोबत्यांसह कंपनीची आगगाडी अडवून पिस्तुलाचा उपयोग केला आणि सात वर्षांची शिक्षा भोगली.

गांधींनी हा लढा सोडून देण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या कारणांचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुसंख्य लोकांनी मोबदला घेतलेला आहे, धरण पुष्कळ बांधून झालेले आहे, आणि ज्याच्या हाती नेतृत्व आहे तो अहिंसा मानणारा नाही, अशी त्यांची कारणे होती. तिसरे कारण त्यांच्या तत्त्वज्ञानाला पूर्ण शोभणारे आहे. साध्य कोणते यापेक्षा तुम्ही त्याकडे कोणत्या वाटेने गेलात, हे पाहणारा तो पुरुष. आमच्या भाषेत सांगावयाचे तर नीतीचे क्षेत्र गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रासारखे नाही. येथे वाट बदलली की बेरीज बदलते, असे त्यांचे म्हणणे. परंतु मग पहिल्या दोन कारणांचे काय? धरण अर्धे झाले आहे, हे कारण केवळ आजची स्थिती पाहते. ती स्थिती कशी आली हे पाहत नाही. आणि बहुसंख्यांनी पैसे घेतले, या वाक्यात माझ्या खापरपणजोबांचे बोट मला दिसते. पैसे घेणाऱ्यांत तेही मोजले गेले असतील. ज्याला पैसेच हवे होते आणि ज्याला दुसरे काही मिळतच नव्हते, ते दोघे त्या मोजणीत सारखेच एक एक भरले. गांधींना हे दिसले नसेल असे म्हणण्याचे धाष्टर्य मला नाही. हरलेल्या लढ्यात आणखी माणसे चिरडली जाऊ नयेत ही करुणाही त्या सल्ल्यामागे असेल. तरीही ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

दुसरी बाजू मला दिसत नाही असे नव्हे. मुंबईत त्या वेळी गिरण्यांच्या धुराने आकाश काळवंडलेले असे, आणि त्या धुरात राबणारे पुष्कळसे आमच्याच कोकणातले आणि देशावरचे होते. १९२५ साली मुंबईत विजेची आगगाडी सुरू झाली. तिने किती माणसांचे आयुष्यातले किती तास वाचविले असतील! पाण्यापासून होणारी वीज कोळसा जाळीत नाही, आणि हवा तापत चाललेल्या आजच्या जगात या गुणाची किंमत त्या काळापेक्षाही वाढली आहे. एक किलो तांदूळ पिकविण्यास अडीच-तीन हजार लिटर पाणी लागते असे सांगतात. तेवढे पाणी भिऱ्यास सोडले तर तीन-साडेतीन युनिट वीज होते. एका पारड्यात किलोभर तांदूळ, दुसऱ्यात तीन युनिट वीज. कोणी म्हणेल, वीजच घ्या. परंतु या तुलनेत तांदूळ एकाच्या ताटातून जातो आणि वीज दुसऱ्याच्या घरी जाते, ही गोष्ट कोठेच लिहिलेली नसते. आज २०१३ चा नवा कायदा खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती मागतो आणि कसणाऱ्या कुळालाही बाधित म्हणतो. हे शहाणपण यावयास मुळशीनंतर नव्वद वर्षे लागली.

असो. माझा खरा प्रश्न कायद्याचा नाही. महाविद्यालयात असताना मी एका स्नेहसंमेलनाच्या अंकात मोठ्या उत्साहाने एक लेख लिहिला होता. ऊर्जा अविनाशी आहे हा पदार्थविज्ञानाचा सिद्धांत आणि कर्माचे फळ चुकत नाही हा आपल्या धर्माचा सिद्धांत, हे एकाच सत्याचे दोन आविष्कार होत, असा त्याचा मथितार्थ. तो लेख पुष्कळांना आवडला. आजीने तर तो देवघरात ठेवला. आज मला त्याची लाज वाटते. तो बालिश होता म्हणून नव्हे, तर तो सोयीचा होता म्हणून.

ऊर्जेचा नियम काय सांगतो? एकूण बेरीज कायम राहते, एवढेच. ती ऊर्जा मावळ्याच्या झोपडीत उजेड पाडते की मलबार हिलवरच्या दिवाणखान्यात, याविषयी तो नियम पूर्ण उदासीन आहे. कर्मसिद्धांताचा सारा जोर तर पत्त्यावर आहे: केले त्यालाच मिळाले पाहिजे. जो नियम पत्ता पाहतच नाही त्याचा दाखला, ज्याचे सर्वस्व पत्ता आहे अशा सिद्धांताला कसा चालेल? आणखी खोल जाऊन पाहावे तर फरक अधिकच स्पष्ट होतो. एमी नोएथर या जर्मन विदुषीने १९१८ साली दाखवून दिले, की ऊर्जा अविनाशी असते याचे कारण निसर्गाचे नियम काल, आज आणि उद्या सारखेच असतात. निसर्गाला तारीख नाही, म्हणून त्याचा जमाखर्च जुळतो. मनुष्याचा जमाखर्च नेमका तारखेवर चालतो. माझ्या घरच्या खतावणीतल्या प्रत्येक नोंदीवर तिथी आहे. ती काढून टाकली तर व्याजही मोजता येणार नाही आणि अन्यायही.

कर्माविषयी दुसरी एक गोष्ट मला त्या म्हाताऱ्या बाबांच्या बोलण्यावरून सुचली. बोलता बोलता ते म्हणाले होते, “नशिबात व्हतं.” ते त्यांनी म्हटले तेव्हा त्या शब्दांत एक प्रकारचा धीर होता, तीन पिढ्या त्या धीरावर जगल्या असतील. परंतु तेच शब्द आमच्या माडीवर बसून आम्ही त्यांच्याविषयी उच्चारले, तर तो निव्वळ उद्दामपणा होईल. पदार्थविज्ञानाचा आग्रह असा, की पाहणारा बदलला तरी नियमाचे रूप बदलता कामा नये. धर्मातली कित्येक वाक्ये याच्या अगदी उलट असतात. कोण बोलतो यावर ती खरी की खोटी, पवित्र की पापी, हे ठरते. यामुळे धर्म विज्ञानाहून हलका ठरतो असे मला वाटत नाही. मात्र त्याची वाक्ये उसनी घेता येत नाहीत.

मुळशीपासून फार दूर नाही असे देहू. तुकोबांच्या घरीही सावकारी होती. दुष्काळानंतर, कर्जाची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. भावाच्या वाट्याची अर्धी खते तेवढी त्याला देऊन, आपल्या वाट्याची. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि वैराग्याचे उदाहरण म्हणूनच ऐकत आले आहे. तलावाच्या काठी बसले असता ती मला अगदी निराळी दिसली. तेथे सावकाराने कागद बुडविले आणि जमिनी वर राहिल्या. येथे जमिनी बुडाल्या आणि कागद कोरडे राहिले. ते शंभर वर्षे आमच्या माळ्यावर, लाल कापडात, कसरीपासून जपून ठेवलेले होते. आणि भावाला त्याचा वाटा देण्यातला तुकोबांचा विवेकही मला तेव्हाच प्रथम कळला. दुसऱ्याच्या हक्काचे आपण उदारपणे बुडवावे, यात त्यांना पुण्य दिसले नसावे. मला तरी ती खतावणी तलावात टाकण्याचा काय अधिकार? आणि टाकून काय होणार होते? वसूल होण्यासारखे तिच्यात काहीच उरलेले नाही. उरली आहेत ती फक्त नावे.

मरणाविषयी आणि काळाविषयी विज्ञान काही समाधान देते काय, असे मला आजी पुष्कळदा विचारते. आईन्स्टाईनचा जुना मित्र बेसो १९५५ साली वारला, तेव्हा त्याच्या कुटुंबाला लिहिलेल्या पत्रात आईन्स्टाईनने असे सुचविले होते, की आमच्यासारख्या पदार्थविज्ञान मानणाऱ्यांना भूत, वर्तमान आणि भविष्य यांतील भेद हा केवळ एक चिवट भ्रम आहे. सापेक्षतेच्या दृष्टीने घडलेली घटना नाहीशी होत नाही. दिक्कालाच्या पटावर ती आपल्या जागी असतेच. मग १९२० सालचे ते गाव, त्यातली चूल, खाचरात उभा असलेला आंबेमोहोर, हे सारे आहेच. आपण फक्त त्या ठिकाणी नाही. मला स्वतःला ही कल्पना रात्री अंथरुणात पडल्यावर फार गोड वाटते. पण त्याच पटावर ते गहाणखतही आहे, ती सहीही आहे, आणि बुडण्याचा तो दिवसही आहे. पुसले काहीच जात नाही म्हटले, की चांगले तेवढे निवडून ठेवता येत नाही.

श्रावणापूर्वी मी पुन्हा मुळशीस गेले. जाण्यापूर्वी खतावणीतल्या मुळशीच्या पानांची नागरी नक्कल मी स्वच्छ अक्षरांत करून घेतली होती. आजीला ते पसंत नव्हते. “जखमेवरची खपली कशाला काढायची त्यांच्या?” असे ती म्हणाली. मी निघाले तेव्हा मात्र तिने घरच्या लाडवांचा डबा हातात दिला आणि तो कोणासाठी हे सांगितले नाही.

पाऊस नुकताच सुरू झाला होता. चिखलाचा पट्टा अरुंद झाला होता; जोत्यांच्या ओळींपैकी खालच्या दोन पाण्यात गेल्या होत्या. बाबा घराच्या ओट्यावर घोंगडी घेऊन बसले होते. मला त्यांनी ओळखले. “लाईटवाली पोर,” असे आत सुनेला सांगितले. चहा आला. मी कागद काढले, आणि बोलावयाचे ठरवून आलेली वाक्ये मला एकही आठवेना. शेवटी म्हटले, “बाबा, हे कागद आमच्या घरचे आहेत. तुमच्या आजोबांचे खाचर आमच्या खापरपणजोबांकडे गहाण होते. मोबदल्याचे पैसे त्यांनी घेतले.”

ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. आत भांडे पडल्याचा आवाज झाला. माझ्या मनात नको ते सारे येऊन गेले. ते रागावले असते तर मला सोपे झाले असते. मग ते म्हणाले, “वाचा.”

मी वाचू लागले. वडाखालचे खाचर. ओढ्याकाठचे. लांब पट्टी. देवाचा तुकडा. एके ठिकाणी मोडीतले अक्षर मला नीट लागले नव्हते. मी वाचलेले नाव त्यांनी तोंडातल्या तोंडात दोनदा घोळविले आणि दुरुस्त करून दिले. मी पेन्सिलीने तेथे खूण केली. नाव येईल तसा त्यांचा हात उचलला जाई आणि पाण्यावर कोठेतरी थांबे. पुढच्या नावाला थोडा सरके. त्यांची सून दाराशी येऊन उभी राहिली होती. एक नातू हातातले खेळणे सोडून जवळ आला.

यादी संपली. “चिंचेखालचं न्हाई का त्यात?” त्यांनी विचारले.

मी पुन्हा पाने उलटली. नव्हते.

“नीट बगा. चिंचेखालचं. घराला लागून व्हतं.”

मी नीट पाहिले. वहीत ते कधीच आलेले नव्हते, म्हणजे ते आमच्याकडे कधी गहाण पडलेले नव्हते.

“मंग त्ये आमचंच व्हतं,” ते म्हणाले. मग नातवाला जवळ बसवून घेऊन त्यांनी मला पहिल्यापासून पुन्हा वाचावयास सांगितले.